जुने सिनेमे खरंच बघवतात, की उगाच माना डोलवायच्या?

पर्वरीकर
रविवारी पावसाने घरात कोंडून घातलं म्हणून बाबांच्या पेन ड्राइव्हमधले जुने सिनेमे काढले. चार लावले, चारही अर्ध्यात सोडले. 1980 च्या आधीचं काही बघणं म्हणजे आजीच्या हातचा काढा: गुण येतो म्हणायचं आणि नाक दाबून घ्यायचा. संतपटात चमत्कार, सामाजिकात रडारड, भयपटात पांढरी साडी नि मेणबत्ती, तमाशापटात पाटील. सगळे नाटकात उभे राहिल्यासारखे शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असे बोलतात. अपवाद एकच, 'अशी ही बनवाबनवी', पण तो 1988 चा. पटत नसेल तर सांगा. फक्त "तुमच्या पिढीला काय कळणार" हे सोडून दुसरं काहीतरी सांगा.

म्हापसा_तार
पिढीबद्दल बोलत नाही. तुला स्वतःला काय कळलं नाही तेवढंच सांगतो. ते बरंच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

'संत तुकाराम', 1936, प्रभात, दामले-फत्तेलाल. कुठपर्यंत बघितलास? मला त्यातलं शेवटचं विमान आठवत नाही, जिजाई आठवते. पोर आजारी, घरात खडखडाट, नवरा अभंगात बुडालेला. ती एका हाताने पोराला ओढत देवळात शिरते, दुसऱ्या हातात वहाण, आणि थेट विठोबाच्या अंगावर. आज कोणी हे लिहून दाखवावं, दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनवर मोर्चा. आणि ती बाई नाटकी ओरडत नाही, वैतागते. आमच्या वाड्यावर पाणी आलं नाही की बायका वैतागतात ना, तश्शीच.

सामाजिक म्हणजे रडारड? 'कुंकू', 1937, शांताराम. पोरीला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती त्याच्याच घरात राहून त्याला नवरा मानायला नकार देते. पार्श्वसंगीत नाही. तुला कंटाळा आला तो त्या शांततेचा. हल्ली कुठे वाईट वाटून घ्यायचं हे व्हायोलिन सांगतं, तिथे सांगायला कोणी नाही, फक्त घड्याळ टकटकतं. शांता आपटे त्यात इंग्रजी कवितासुद्धा गाते, लाँगफेलोची. मागास वगैरे म्हणायच्या आधी तेवढं बघ.

भयपट. 'महल', 1949. 'आयेगा आनेवाला' लांबून जवळ येत जातं, कारण लता गात गात माइकपर्यंत चालत आली. मिक्सिंगची सोय नव्हती, बाईलाच चालवलं. रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं 'कामिनी', सिनेमातल्या पात्राचं. हे तू फोनच्या स्पीकरवर ऐकलंस, हो ना? मग घाबरणार कसा.

आणि तुझा लाडका अपवाद 1966 च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय, हृषिकेश मुखर्जींच्या. म्हणजे तूही काढाच प्यायलास, साखर घालून.

पर्वरीकर
फोनवर नाही, लॅपटॉपवर. आणि काका, वहाण मान्य. पण एका वहाणेसाठी दोन तास? चांगला सीन वेगळा, चांगला सिनेमा वेगळा.

म्हापसा_तार
तुझ्या सिरीजमध्ये आठ तासांत एक तरी वहाण असते का?

कुळागर
मला वेगळंच सांगायचंय. जुने सिनेमे लांबट म्हणताय, आमच्या नशिबी ते कधी पूर्ण आलेच नाहीत. मी सातवीत होते, 'बीस साल बाद' आमच्या तालुक्याच्या टॉकीजला परत लागला होता. सिनेमा 1962 चा, पण आमच्याकडे फिरून फिरून यायचा. शेवटची बस चुकू नये म्हणून ऑपरेटर शेवटचं रीळ गुंडाळायचा, नाहीतर लावायचाच नाही. कधी वाटतं, बसवाल्याशी त्याचं ठरलेलं असावं. दलदल, धुकं, 'कहीं दीप जले', आता खुनी कळणार आणि दिवे लागले! लोक उठून बसकडे पळाले. मी रडले, आईने पाठीत धपाटा घातला. खुनी कोण ते मला अकरा वर्षांनी नवऱ्याने सांगितलं, तेही भांडण झाल्यावर, सूड म्हणून. तेव्हा जुने भयपट भीती घालत नाहीत हे मला सांगू नका. मी अकरा वर्षं भ्यायलेय.

साष्टीचो_भुरगो
छान चाललंय. पण इतक्या जुन्या सिनेमांत आम्ही गोव्याची माणसं कुठे आहोत हे कोणी विचारलं नाही. हिंदीवाल्यांचा गोंयकार म्हणजे हातात बाटली, गळ्यात क्रूस, तोंडात 'मॅन'. 'बॉबी' 1973 चा, प्रेमनाथ ब्रागांझा झालाय. सगळे म्हणतात काय धमाल. आणि त्यातलं 'घे घे रे सायबा' ही आमची देखणी, म्हणजे नाचायचं कोंकणी गाणं. आमचं गाणं घेतलं आणि आमच्याच तोंडाला बाटली लावली.

माझा पाद्रिन्य, म्हणजे बाप्तिस्म्याचा धर्मपिता, मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचा. घरी रेकॉर्डचा ढीग, एकावरही त्याचं नाव नाही. मोठ्यांची तीच गत. शंकर-जयकिशनच्या मागे नोटेशन लिहायला सेबॅस्टियन डिसोझा होते. मजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस, प्यारेलालचे गुरू, त्यांचं नाव सांगितलं की लोकांना 'अमर अकबर अँथनी'त अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ आठवतो. तेवढीच गुरुदक्षिणा.

डिचोली_एक्सप्रेस
विषय काय आणि तुमचं काय! मराठी सिनेमावर चार ओळी लिहिल्या की साष्टीहून कोणीतरी गाऱ्हाणं घेऊन येतंच. इथे मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये सकाळी दहाचा खेळ मिळतो, त्यावर बोला. तुम्ही लोकांनी 1987 साली कोंकणीला राजभाषा करून घेतली, आता सिनेमाचा धागासुद्धा घ्या.

साष्टीचो_भुरगो
"तुम्ही लोक" म्हणजे कोण? मी मराठीतच लिहितोय ना तुमच्याशी? 'निर्मोण' बघितलाय का कधी? 1966, फ्रँक फर्नांडचा. त्यावरून दुसऱ्या वर्षी हिंदीत 'तकदीर' झाला. एकदा तरी त्यांनी आमच्याकडून नाव सांगून घेतलं.

डिचोली_एक्सप्रेस
मान्य. एक सिनेमा. पावती फाडू?

साष्टीचो_भुरगो
'मोगाचो आंवडो', 1950. दोन झाले. पावतीपुस्तकच काढा.

कुळागर
दोघेही जरा दम खा. घरात आई कोंकणीतून शिव्या घालते, आरती मराठीत म्हणते आणि जत्रेला मराठी नाटक नसलं तर देवळाच्या कमिटीला धारेवर धरते. आमच्या गावच्या नाटकात ऑर्गन वाजवायला मिंगेल यायचा, त्याला कोणी भाषा विचारली नाही. मानधन मात्र दरवर्षी उशिराच दिलं.

म्हापसा_तार
सायबा, बाटलीचं तुझं म्हणणं खरं आहे, पण 'त्रिकाल' विसरू नकोस. बेनेगल, 1985. लोटलीत, मारियो मिरांडांच्या घरात केलेलं शूटिंग, काळ 1961 चा. त्यात माणसं दिसतात, नुसत्या टोप्या नाहीत.

साष्टीचो_भुरगो
घर खरं आहे. खुर्च्यासुद्धा खऱ्या. त्या खुर्च्यांवर बसून सगळे हिंदी बोलतात, आमचा आजोबा घाबरून थडग्यात उठून बसेल. पण बरं, बाटलीवरून ग्लासवर तरी आलो. तेवढं दिलं तुम्हाला.

डिचोली_एक्सप्रेस
आणि दारुड्याचंच बोलायचं तर 'सामना'तला मास्तर बघा. डॉ. लागू. पूर्ण सिनेमाभर पितो, तरी हसण्यावारी नेलेला नाही. पिऊन एकच प्रश्न विचारत राहतो आणि पाटलाची झोप उडवतो. हिंदीने हे शिकायला हवं होतं. (भुरग्याची बाजू घेत नाहीये. फक्त सांगतोय.)

साष्टीचो_भुरगो
नाही नाही, चुकून घेतलीत. देव बरें करूं.

पर्वरीकर
माझा धागा होता, आठवतं का कोणाला?

काल रात्री 'महल' परत लावला, हेडफोन घालून. अकराला लाईट गेली, लॅपटॉप चालू होता. बाहेर माडाची झावळ पत्र्यावर घासत होती आणि कानात ते गाणं जवळ यायला लागलं. मी हेडफोन काढला. घाबरून नव्हे, कान दुखत होते. कथा तरीही अर्धी कच्ची आहे, आणि अशोक कुमार एवढा गोंधळलेला का फिरतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. 'कुंकू' तिसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा झोपलो. घड्याळ ऐकू आलं मात्र. त्यानेच झोप लागली.

म्हापसा_तार
कान दुखत होते. लिहून ठेवतो.

कुळागर
पर्वरीकर, बाबांच्या पेन ड्राइव्हवर 'बीस साल बाद' आहे का रे? सगळा नको. शेवटचं रीळ तेवढं बघायचंय.

पर्वरीकर
आहे, ताई. पण फाइल खराब आहे, शेवटच्या पंधरा मिनिटांवर अडकते.