बाळाचं नाव कसं ठरलं? तुमच्या घरची गोष्ट सांगा

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीचं बारसं झालं. हस्त नक्षत्र, तिसरं चरण. त्या नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ, म्हणजे आद्याक्षर आलं 'ण'! सत्तावीस नक्षत्रांची चार-चार चरणं मिळून 108 अक्षरं, आणि आमच्या वाट्याला नेमकं हे. गुरुजीच म्हणाले, "जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, हाकेचं नाव तुम्ही ठेवा." मग आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

त्या गडबडीत मला आजी आठवली. माझ्या भावाचं नाव आजोबांचंच ठेवलंय, विष्णू. आजीने त्याला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं? तो तिचा कायम 'बाळ'. विष्णुसहस्रनामात दुसरंच नाव 'विष्णू' येतं, तिथे ती नुसते ओठ हलवायची. मी शेजारी बसून ते पाहिलंय.

नावाचा अर्थ पुस्तकातही मिळतो. तुमच्या घरी तेच नाव का ठेवलं, कुणासाठी ठेवलं, ते वाचायचंय. सविस्तर लिहा.

नागपूरहून

आजोबांचं दाखल्यावरचं नाव कचरू. त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावली होती, हे तरी जगावं म्हणून ठेवलेलं. पण हजेरी घेताना मास्तर ते नाव ज्या सुरात घ्यायचे, तो सूर आजोबा ऐंशीव्या वर्षीसुद्धा काढून दाखवायचे. सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

14 ऑक्टोबर 1956 ला ते दीक्षाभूमीवर होते. त्यानंतर घरात जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे माझे वडील. त्यांचं नाव मिलिंद. भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, तोच मिलिंद. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या औरंगाबादच्या कॉलेजचंही हेच नाव. आजोबा म्हणायचे, "मला कुणी प्रश्न विचारू दिला नाही, माझा पोरगा विचारेल."

माझी मुलगी संघमित्रा. बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेलेली अशोकाची लेक. लोक म्हणतात, लांबलचक आहे, 'मित्रा' करा. नाही करणार. दाखल्यावर पूर्ण आणि हाकेतही पूर्ण. आमच्या घरात तीन पिढ्यांनंतर कुठे मनासारखं नाव ठेवायला मिळालंय, त्यातलं अर्धं कसं टाकू?

सातारा जिल्ह्यातून, अंगणवाडी सेविका

2011 च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या जिल्ह्यात 285 मुलींची नावं एका सोहळ्यात बदलली. सगळ्या 'नकुशी'. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल. आमच्या गावातलीही एक होती, पाचवीत शिकणारी. नवीन नाव मिळालं त्या संध्याकाळी ती पायरीवर बसून वहीच्या कव्हरवरचं जुनं नाव ब्लेडने खरवडत होती. कागद फाटला तरी थांबेना. शेवटी मीच तिला नवीन लेबल चिकटवून दिलं आणि तिने त्यावर 'ऐश्वर्या' लिहिलं, 'श्व' दोनदा गिरवून.

घरचे पुढे बरेच महिने 'नके' म्हणूनच हाक मारायचे. आई चुलीपाशी ओरडायची आणि ही अंगणात पाठमोरी उभी. वळायची नाही म्हणजे नाही. शेवटी आईलाच बदलावं लागलं. मुलगी जन्मली की आता मी त्याच आठवड्यात घरी जाते आणि वजन विचारायच्या आधी नाव विचारते.

पुण्याहून

आमचा मुलगा 31 व्या आठवड्यात झाला. वजन 1 किलो 240 ग्रॅम. नाव सातव्या महिन्यातच ठरलं होतं, 'शौर्य'. पण काचेच्या पेटीतला तो इवलासा जीव पाहिल्यावर ते नाव तोंडातून फुटेना. त्याच्या पायावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. बाराव्या दिवशी बारसं नाही, पाळणा नाही. रात्रपाळीच्या सिस्टर सांगायच्या, "आज तुमच्या नावाने पाच मिली दूध प्यायला हो." अडतीस दिवस तो माझ्याच नावाने ओळखला गेला.

पेटीजवळच्या तक्त्यावर रोजचं वजन लिहायचे. आधी उतरलं, मग दहा ग्रॅम, वीस ग्रॅम असं चढू लागलं. नवऱ्याला गाण्याची आवड आहे. एका सकाळी तो तक्ता वाचता वाचता म्हणाला, "आरोह." तेच ठेवलं.

ज्यांना अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी एक माहिती. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण तेव्हा नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही. ती जागा रिकामी ठेवून वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं. त्या दिवसांत एवढी एकच घाई नव्हती, तेवढाच जिवाला आधार. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी आपल्याकडे आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम झाला. दाखला हातात आला तेव्हा 'आरोह'च्या शेजारी माझं नाव होतं. मी तिथेच, खिडकीसमोर उभी राहून रडले.

म्युनिकहून

मुलीचं नाव किरण. माझ्या आत्याचं नाव, तिनेच मला वाढवलं. इथे जन्म आठवडाभरात नोंदवावा लागतो. कुणीतरी सांगितलं की नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे, आणि आमच्या पोटात गोळा आला, कारण आपल्याकडे किरण दोघांचंही असतं. शोधल्यावर कळलं, 2008 साली इथल्या घटना न्यायालयात हा प्रश्न एका भारतीय वंशाच्या मुलीमुळेच निकाली निघाला, आणि तिचं नावही किरणच! अंगावर काटा आला.

बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. मी फोन बाळाच्या कानाशी धरला आणि सांगलीहून माझ्या बहिणीने 'कुर्रर्र' केलं. तिकडे काकूंनी तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले, ते इथे ऐकू आले.

रत्नागिरीहून

आमचे काका अधिक महिन्यात जन्मले म्हणून धोंडू. त्यांना ते नाव फार प्रिय. नातवाला ठेवा म्हणून मागे लागलेत, आणि सून तयार आहे!

नाशिकहून

आम्ही मुलगी दत्तक घेतली. चार वर्षं वाट पाहिली आणि तेवढी वर्षं एक नाव वहीत लिहून ठेवलं होतं, ऋजुता. ती आली तेव्हा वीस महिन्यांची होती. संस्थेत तिला गौरी म्हणत, कारण ज्येष्ठागौरींच्या आवाहनाच्या दिवशी ती तिथे आली होती.

गाडीत बसल्यावर मी दोन-तीनदा "ऋजुता" म्हणून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी निघताना फाटकातून तिथल्या मावशींनी "गौरी!" म्हणून हाक मारली, आणि ती अख्खी वळली, दोन्ही हात काचेवर टेकवून. नवरा गाडी बाजूला घेऊन थांबला. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. तिच्याकडे स्वतःचं असं तेवढंच होतं, ते आम्ही कसं काढून घेणार?

बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. पाळण्यात मावेना म्हणून मांडीवरच घेतलं. नणंदेने कानात कुर्र करून तिला तिचंच नाव सांगितलं. तिने छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गौई."