रात्री दोन वाजता ओटीपी कोण वाचणार?

कोथरूडचा_धाकटा
गेल्या आठवड्यात मी नाशिकला होतो. रात्री दोनला आईला (वय ८१) गरगरायला लागलं. बाबांनी रुग्णालयाचं अ‍ॅप उघडलं, 'चोवीस तास डॉक्टर व्हिडिओवर' वालं. ओटीपी आला माझ्या मोबाइलवर, कारण नोंदणी मीच केली होती. तो फोनवर सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. तिसऱ्यांदा जमलं. मग बाबांनी फोन असा धरला की डॉक्टरांना बराच वेळ छताचा पंखाच दिसत होता. पण एकदा बोलणं झाल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला: आईने बीपीची गोळी दोनदा घेतली होती. बीपी मोजायला लावलं, उठू नका म्हणाले, तासाभराने स्वतःहून फोन केला. म्हणजे सोय चांगलीच आहे, तिचं दार तेवढं चुकीचं आहे. अ‍ॅपऐवजी साधा नंबर ठेवा, उचलणाऱ्या माणसाने व्हिडिओ जोडून द्यावा. मागणी जास्त आहे का?

निवृत्त_सिस्टर
सुटलात म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाची चक्कर कधीकधी पक्षाघाताचीही असते. मधुमेह असेल तर हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. ईसीजी काय स्क्रीनवर काढणार? पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, त्यातला पाऊण तास ओटीपीत गेला तर? २०२० च्या सरकारी टेलिमेडिसिन नियमांतही आणीबाणीत सल्ला, प्रथमोपचार आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरांकडे पाठवणं एवढंच आहे. १०८ लावा. त्या गाडीत डॉक्टर असतो.

शुक्रवारातला
सिस्टर, गाडी आमच्या बोळात येते का ते आधी बघा. गणपतीत तर विचारूच नका. जिना लाकडी, वडील तिसऱ्या मजल्यावर. मागच्या वेळी असंच 'खात्री करून घेऊ' म्हणून नेलं, चार दिवस आयसीयूत ठेवलं. निदान काही नाही, पण वडील तिथे भ्रमले, मला ओळखेनात. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी ताळ्यावर आले. बिल सांगत नाही. न्यायचं की नाही हे ठरवायला तरी कोणीतरी हवं ना! मेलबर्नच्या एका सरकारी रुग्णालयाने २०२० मध्ये अशी व्हिडिओ इमर्जन्सी सुरू केली. तिथे अँब्युलन्सवालेसुद्धा रुग्णाच्या घरातूनच डॉक्टरांना दाखवतात. कॅमेरा जाणत्या माणसाच्या हातात असतो, हा फरक.

निवृत्त_सिस्टर
मग मी वेगळं काय म्हणतेय? माणूस घरी येऊ दे, मग हवा तेवढा व्हिडिओ करा. एकट्या म्हातारीच्या हातात फोन देऊन 'तपासणी झाली' म्हणू नका.

सहकारनगर_७६
मी त्यातलीच 'एकटी म्हातारी'. रोज रात्री नातवाशी व्हिडिओवर बोलते, फोन धरता येतो मला. अडतं ते ऐकण्यात. डॉक्टर मास्क लावून भराभर बोलतात, ओठ दिसत नाहीत, मी अंदाजाने 'हो' म्हणते. 'छातीत दुखतंय का' याला चुकून 'हो' म्हटलं तर? त्या अ‍ॅपवाल्यांनी बोललेलं खाली मोठ्या अक्षरांत दाखवावं. आणि काहीही झालं की आधी मुलाला विचारतात. पोट माझं दुखतंय हो! मी फ्रिजवर कागद लावलाय: कुठल्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, १०८, आणि जिच्याकडे किल्ली आहे त्या शेजारणीचा नंबर. पोरगं सॅन होजेहून येईपर्यंत शेजारीणच येणार.

शुक्रवारातला
काकू, किल्लीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दाराला आतून कडी असते.

सहकारनगर_७६
मी कडी लावत नाही. फक्त लॅच.

निवृत्त_सिस्टर
हे बरोबर केलंत. पण अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर कागद, व्हिडिओ काही बघत बसायचं नाही. थेट १०८.

कोथरूडचा_धाकटा
मान्य. नोंदणीतला नंबर बदलून बाबांचा केला, आजच. कागदाचंही सांगितलं, तर म्हणाले फ्रिजवर जागा नाही, दुधाचा हिशोब लावलाय.