मदत हवी आहे : १:७२ सुखोई-३० एमकेआय – इंजिनांभोवतीचा धातूचा भाग, राखाडी छटा आणि पावसाळ्यातील रंगकाम

सप्रेम नमस्कार,

भारतीय वायुसेनेच्या सुखोई-३० एमकेआय या विमानाचे १:७२ प्रमाणातील मॉडेल मी करीत आहे. जोडणी, पुटी आणि घासकाम पूर्ण झाले असून रंगकामापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे. मूळ विमान सुमारे २२ मीटर लांब आणि १४.७ मीटर पंखविस्ताराचे असल्याने एवढ्या लहान प्रमाणातही मॉडेलची लांबी ३० सेंटिमीटरच्या वर जाते, आणि इतक्या मोठ्या पृष्ठभागावर बिघडलेला रंग लपून राहत नाही.

किट झ्वेझ्दा या रशियन कंपनीचे, सुखोई-३० एसएमचे आहे. एसएम हे रशियाने स्वतःच्या वायुदलासाठी एमकेआयवरूनच बेतलेले रूप असून त्याचे पहिले उड्डाण २०१२ मध्ये झाले. त्यामुळे पंखांपुढचे कॅनार्ड (छोटे पंख), दिशा बदलणाऱ्या नॉझलची (झोताच्या तोंडांची) एएल-३१ एफपी इंजिने आणि तिरप्या कापलेल्या शेंड्यांच्या उभ्या शेपट्या हे सारे त्यात आयते मिळते. चीनसाठी बनवलेल्या एमकेकेचे किटही मिळते, परंतु त्या विमानाला कॅनार्ड नाहीत, त्याची नॉझल वळत नाहीत आणि शेपट्यांचे शेंडे चौकोनी आहेत, म्हणजे नाव सुखोई-३० असले तरी कापाकापी फार करावी लागली असती. मला पुण्याच्या लोहगाव तळावरील २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विमान करायचे आहे. २००२ मध्ये एमकेआय वायुसेनेत दाखल झाले ते तिथेच, आणि पुढे परवान्याखाली त्याची बांधणी नाशिकजवळ ओझरला झाली. मराठी माणसाला एवढे निमित्त पुरेसे आहे.

माझी मुख्य अडचण मागच्या भागाची आहे. इंजिनांभोवतीचे पत्रे उष्णतेमुळे रंगवलेले नसतात आणि छायाचित्रांत त्यांचा प्रत्येक तुकडा निराळा दिसतो: कुठे स्वच्छ पोलादी, कुठे पिवळसर तपकिरी, तर कुठे निळसर जांभळी झाक. मी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर सराव केला, पण सगळा भाग एकाच चंदेरी रंगात केला की तो स्वयंपाकघरातल्या फॉइलसारखा दिसतो, आणि छटा वाढवायला गेले की विमान आगीतून बाहेर काढल्यासारखे वाटते. आधी धातूचा रंग द्यावा की आधी राखाडी, हेही ठरत नाही.

दुसरी अडचण हवामानाची. मी रत्नागिरीत राहतो आणि सध्या पाऊस थांबायचे नाव घेत नाही. लॅकर (झटपट वाळणारा रंग) फवारल्यावर काही मिनिटांतच त्यावर दुधाळ पांढुरकी साय धरते. दिवाळीपर्यंत थांबण्यावाचून उपाय नाही का?

शेवटचा प्रश्न वायुसेनेच्या वर्तुळचिन्हाचा. किटमधील डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) रशियन आहेत. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक डेकल कागद वापरला, तर पांढरे वलय उमटतच नाही आणि राखाडीवर केशरी मातकट दिसतो. कोणी यावर मार्ग काढला आहे का?

प्रतिसाद १

नमस्कार. आपल्या प्रश्नांपैकी दमटपणाचा आधी सोडवा, कारण धातूचे रंगही बहुधा लॅकरच असतील. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंडाव्यावर हवेतील बाष्प जमते आणि ते ओल्या थरात अडकले की साय दिसते. म्हणून थिनरचे उडणे मंद करायचे: साध्या थिनरऐवजी रिटार्डर असलेला, उदाहरणार्थ मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा आणि थर अगदी पातळ द्या. खोलीत वातानुकूलन असेल तर फवारणीपूर्वी तासभर चालवून आर्द्रता उतरू द्या. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आणि टाकीतले पाणी दर वेळी काढून टाकायला हवे. कोकणात ते चटकन साठते. आधीच साय धरलेल्या भागावर नुसता लेव्हलिंग थिनर धुक्यासारखा हलका फवारला, तर थर पुन्हा मऊ होऊन बाष्प निसटते आणि बहुतेक वेळा रंग मूळपदावर येतो. घासून काढण्याची घाई करू नका.

आता मागचा भाग. धातू आधी, राखाडी नंतर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धातूच्या रंगाला चकचकीत काळा पाया लागतो आणि तो पाया राखाडीच्या कडेवर चढला की तिथे जाड पायरी राहते. काळा पाया पूर्ण वाळल्यावर संपूर्ण भागाला मध्यम पोलादी रंग द्या. मग पत्र्यांच्या रेषांवर टेप लावून काही तुकडे थोडे गडद आणि काही थोडे फिके करा. फॉइलचा आभास इथेच मोडतो. उष्णतेच्या छटांवर ते काम सोपवू नये. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर जसा जाड होतो तसा रंग आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि मग निळा होत जातो; म्हणून क्रम तोच ठेवा. टामियाचे पारदर्शक नारिंगी, निळा आणि स्मोक हे रंग थिनरमध्ये भरपूर पातळ करून, निवडक पत्र्यांवरच, डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतके फवारा. निळा सर्वांत कमी. एक दिवस वाळू द्या, कमी चिकटपणाच्या टेपने झाका आणि मगच राखाडीकडे वळा.

राखाडीसाठी मी मिस्टर कलर ३०८ पासून सुरुवात करीन. त्यात थोडा पांढरा मिसळा, कारण लहान मॉडेलवर मूळ छटा नेहमी गडद भासते. खाली काळसर प्रायमर ठेवून वरचा थर जागोजागी किंचित विरळ राहू दिला, तर उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या विमानाचा असमान फिकेपणा येतो. रेषांत काळे वॉश (फार पातळ केलेला रंग) मात्र भरू नका. गडद राखाडी पुरे, नाहीतर विमान फरशीसारखे चौकटीचौकटीचे दिसेल.

प्रतिसाद २

वर्तुळचिन्हाबाबत : साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे पारदर्शक कागदावर पांढरे येणारच नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचा डेकल कागद घ्या, त्यावर केशरी वलय आणि मधला हिरवा छापा व बाहेरच्या कडेने नेमके कापा. पांढरे वलय कागदाचेच राहील. छपाई इंकजेटची असेल तर कापण्यापूर्वी वार्निशचा पातळ हात द्या, अन्यथा पाण्यात रंग सुटतो. कापलेली पांढरी कड केशरी रंगाच्या बारीक कुंचल्याने टिपून घ्यावी. ‘एसबी’ने सुरू होणारा अनुक्रमांक काळा असल्यामुळे तो पारदर्शक कागदावर चालेल. डेकल लावण्यापूर्वी चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर आवश्यक आहे, कारण मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवा अडकून डेकलखाली चंदेरी डाग पडतात.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लेव्हलिंग थिनर मागवला आहे. एवढेच विचारतो : डेकलपूर्वीचा चकचकीत क्लिअर धातूच्या भागावरही द्यावा का, की तो भाग झाकूनच ठेवावा?

प्रतिसाद १

झाकून ठेवा. क्लिअरखाली धातूची चमक मंदावते, आणि त्या भागावर मोठे डेकल नाहीतच.