अथेन्समधला यीरोस: हातात धरून खावा की ताटात मागवावा?

दर्यावर्दी

अथेन्समध्ये आठ दिवस राहून परतल्यावर एका गोष्टीबद्दल माझे मत ठाम झाले आहे आणि ते इथल्या जाणकारांपुढे तपासून पाहावे, या हेतूने हा धागा काढत आहे. यीरोस, म्हणजे उभ्या सळईवर भाजून पातळ कापलेले मांस, पिटा या चपट्या पावात गुंडाळून, हातात धरून, दुकानासमोर उभ्यानेच खावा. त्याच दुकानाच्या खुर्चीवर बसून त्याचे ताट मागवले, की पदार्थ मोडून त्याचे सुटे भाग विकत घेतल्यासारखे होते.

मोनास्तिराकी चौकाजवळ मित्रोपोलेओस रस्ता संपतो, तिथे सुवलाकीची, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाची, दुकाने शेजारी शेजारी आहेत. दुकानाच्या खिडकीवर रोल मिळतो, ज्याला तिथे ‘तिलिख्तो’ म्हणतात. टेबलावर बसलात तर मात्र पुष्कळदा ‘मेरिदा’, म्हणजे ताटभर वाढप, घ्यावी लागते. मी जिथे जेवलो तिथे मेरिदेची किंमत रोलच्या दुपटीहून अधिक होती, परंतु माझी तक्रार पैशांबद्दल नाही. उभ्या सळईवर रचलेले डुकराचे मांस फिरता फिरता भाजते आणि बाहेरची कड कुरकुरीत झाली की ती वरून खाली पातळ कापली जाते. ग्रीसमधल्या पिटाला पोकळी नसते. ती जाडसर असते आणि तेल लावून भाजतात. तीत मांस, टोमॅटो, कांदा, त्झात्झिकी (दही-काकडीची चटणी) आणि तळलेले बटाटे घालून कागदात घट्ट गुंडाळले, की आतल्या वाफेने दोन-तीन मिनिटांत पिटा मऊ होते, बटाटे मांसाचा रस आणि दही शोषून घेतात आणि पाच वस्तूंचा एक पदार्थ होतो. ताटात हे घडतच नाही. तिथे मांस पसरून कोरडे पडते, पिटाचे त्रिकोणी तुकडे वातड होतात आणि बटाटे एका कडेला निवत राहतात.

समई

दर्यावर्दी, तुमचे वर्णन मनापासून आवडले, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही. आम्ही चौघे होतो आणि त्यांत माझी ७२ वर्षांची आई होती. सकाळी अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या घसरड्या संगमरवरी दगडांवरून चढउतार केल्यावर तिला उभे राहून जेवायला सांगणे मला तरी शक्य नव्हते. पण हे केवळ गुडघ्यांचे कारण नव्हे. ग्रीक माणूस जेवतो तो ‘परेआ’बरोबर, म्हणजे आपल्या सोबत्यांच्या कोंडाळ्यात. ताटे मधोमध ठेवायची, ज्याने त्याने त्यातून घ्यायचे आणि बोलत बसायचे, ही तिथली जेवणाची मूळ रीत आहे. रोल ज्याचा त्याचाच असतो. त्यातला घास दुसऱ्याला देता येत नाही.

दुसरे म्हणजे, इतिहासही तुमच्या बाजूने नाही. ‘यीरोस’ म्हणजे फिरणे, आणि हा शब्द तुर्की ‘डोनर’चेच भाषांतर आहे. उभ्या सळईवरचे मांस १९व्या शतकातल्या ऑटोमन साम्राज्यातले, आणि त्या संदर्भात बुर्सा शहराचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. तिथला इस्कंदर कबाब आजही ताटातच वाढतात. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या ग्रीक निर्वासितांनी तिकडच्या अनेक पाककृती आपल्याबरोबर आणल्या, त्यांत हे तंत्रही आले असे मानतात. मग ताटातला यीरोस मोडका आणि रोल तेवढा अस्सल, हे कशावरून?

कवडसा

कामानिमित्त मी काही वर्षे उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात राहिलो आहे, म्हणून आधी शब्दांबद्दल थोडे लिहितो. अथेन्समध्ये ‘सुवलाकी’ म्हटले तर पुष्कळदा पूर्ण रोल समजतात आणि नुसत्या काडीवरच्या मांसाला ‘कलामाकी’ म्हणतात. थेसालोनिकीत कलामाकी मागितलीत तर पेय ओढायची नळी हातात येईल, कारण शब्दाचा मूळ अर्थ छोटा बोरू किंवा वेत असा आहे. या शब्दावरून दोन्ही शहरांचे लोक अजून एकमेकांना चिडवतात.

मूळ वादात मी हातात धरून खाणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण दर्यावर्दींनी सांगितलेला मेळ हा एकमेव नव्हे. उत्तरेकडे रोलमध्ये मोहरीची चटणी आणि केचप सर्रास घालतात, तर क्रीटमध्ये त्झात्झिकीऐवजी नुसते घट्ट दही. ज्यांनी त्झात्झिकी चाखलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या चक्क्यात किसून घट्ट पिळलेली काकडी, भरपूर लसूण, ऑलिव्ह तेल आणि थोडा शेपू मिसळला, की तुम्ही तिच्या अगदी जवळ पोहोचता. काकडी नीट पिळली नाही तर रोल खालून गळतो, म्हणून चांगला दुकानदार त्या बाबतीत फार काटेकोर असतो.

तुळस

वरच्या तिन्ही प्रतिसादांत मांस न खाणाऱ्याचा विचारच झालेला नाही, हे मला खटकले. आम्हा दोघांना खिडकीवर मिळाली ती पिटामध्ये बटाटे आणि त्झात्झिकी, आणि पिटादेखील मांसाच्याच शेगडीवर भाजलेली. टेबलावर बसलो तेव्हाच खऱ्या अर्थाने जेवलो: टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, म्हणजे ‘यिगांदेस’, पिवळ्या डाळीचे घोटलेले ‘फावा’ आणि वर कच्चा कांदा, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी ‘होर्ता’. आमच्यासाठी टेबल ही चैन नव्हती.

तिथे ‘निस्तीसिमो’ हा शब्द उपयोगी पडतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत चालणाऱ्या, मांस, अंडी आणि दूध नसलेल्या पदार्थांना तो लावतात. मात्र सावध राहा, कारण कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस त्या उपवासाला चालतात. कट्टर शाकाहारी मंडळींनी फेटा चीजबद्दलही विचारून घ्यावे, कारण ते घट्ट करताना पुष्कळदा प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेले दूध गोठवणारे द्रव्य, वापरतात.

हिशेबवही

दर्यावर्दी पैशांचा मुद्दा बाजूला ठेवतात, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. मेरिदेत मांस अधिक असते, शिवाय खुर्ची, वाढप्याचे श्रम आणि तासभर अडलेली जागा या सगळ्याची किंमत तिच्यात असते. ती जास्त असण्यात अन्याय नाही. अन्याय न मागितलेल्या वस्तूंचा होतो. एका दुकानात आमच्यापुढे पावाची टोपली आपोआप आली आणि बिलात तिचे पैसे लागले. त्यावर विचारल्यावर आम्हाला मेनूच्या तळाची बारीक ओळ दाखवण्यात आली. म्हणून बसताक्षणीच मेनू शेवटपर्यंत वाचावा आणि पाव नको असल्यास टोपली लगेच परत द्यावी. त्याच मेनूवर आणखी एक ओळ असते, ती ग्राहकाच्या बाजूची आहे: रीतसर पावती दिली नाही, तर ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही.

दर्यावर्दी

तुळस, तुमचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. माझा दावा केवळ यीरोसपुरता होता आणि तो तसा स्पष्ट लिहायला हवा होता. समई, तुमच्या आईंच्या बाबतीत तर वादच नाही.

इतिहासाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. इस्कंदर कबाब ताटासाठीच रचलेला आहे: तळाशी पावाचे तुकडे, त्यांवर मांस, वरून टोमॅटोचा रस्सा आणि कढत लोणी, बाजूला दही. पाव ते सारे शोषून घेतो, म्हणजे रोलमध्ये वाफ जे काम करते तेच तिथे रस्सा आणि लोणी करतात. मेरिदेत हे जोडण्याचे काम कोणीच करत नाही. तिला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी, ताटाला नाही.

कवडसा

एक मधला मार्गही आहे. मोनास्तिराकीपासून थोडे दूर, पांग्राती किंवा किप्सेलीसारख्या वस्त्यांत, टेबलावर बसूनही रोल मागवता येतो. बसण्यापूर्वी विचारून घ्यावे, एवढेच.

समई

कवडसा, आईसाठी हा मार्ग उत्तम आहे, तिला पुढच्या वेळी रोलच मागवीन. दर्यावर्दी, जोडण्याचे काम कोणीच करत नाही असे तुम्ही म्हणता, पण ते जेवणारा करतो. पिटाच्या तुकड्याने मी मांस उचलते, त्झात्झिकीत बुडवते, एका घासात कांदा घेते आणि पुढच्या घासात टाळते. तुमच्या रोलमध्ये हा निर्णय दुकानदाराने आधीच घेतलेला असतो. बाकी आम्ही तिघे दोन मेरिदा मधोमध ठेवूनच जेवणार, आणि मांस कोरडे पडण्याइतके ताटात उरणार नाही.