मदत हवी आहे: चालू रीफ टँकमध्ये ड्राय रॉक डायरेक्ट टाकू का?

रंकाळा_रीफ
कोरल आणि माशांचा टँक जुना आहे, एकदम सेट. डावी बाजू क्लाउनफिशच्या जोडीनं बळकावलीय, बाकीच्यांना आडोसा हवा म्हणून ड्राय रॉक, म्हणजे कोरडा सच्छिद्र दगड, आणलाय. धुऊन ठेवलाय. डायरेक्ट टाकला तर परत सायकल होईल का, म्हणजे अमोनिया वाढून बॅक्टेरिया जमेपर्यंत थांबावं लागेल का? व्हिडिओत एक जण हो म्हणतो, दुसरा नाही. आज सुट्टी आहे, आजच उरकायचंय. लवकर सांगा.

खारं_पाणी
टँक किती लिटरचा? दगड किती किलो? कोरल कुठले? फॉस्फेट किती? आणि धुतला कुठल्या पाण्यानं?

गप्पीप्रेमी
एवढं काही नसतं हो. कुठलाही दगड आणला की मोठ्या पातेल्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, गार झाला की टाकायचा. मी कायम असंच करतो, मासे ठणठणीत आहेत. झाडं कुठली लावलीत?

रंकाळा_रीफ
झाडं नाहीत, खाऱ्या पाण्याचा टँक आहे. २०० लिटर, खाली संप (फिल्टरची टाकी). दगड १२ किलोच्या आसपास. कोरलमध्ये झोआ, हॅमर, दोन-तीन एसपीएस (कडक, बारीक पॉलिपचे). फॉस्फेट ०.०५ पीपीएम. नळाच्या पाण्यानं धुतला. आता टाकू?

खारं_पाणी
थांब जरा. सायकलची भीती सोड. जुन्या टँकमध्ये बॅक्टेरिया भरपूर असतात, स्वच्छ कोरड्या दगडावर ते आपोआप पसरतात. खरी अडचण फॉस्फेटची. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यात कमी झालं की हळूहळू सोडतो. मग शेवाळ. तू पाणी बदलशील, चार दिवसांनी आकडा परत वर.
दगड नवा खाणीतला आहे की कुणाच्या टँकमधला? एक तुकडा बादलीत रात्रभर भिजव आणि सकाळी वास घे.

मालवणी_मासा
विकत कशाला घेता? आमच्या किनाऱ्यावर वाहून आलेला कोरल पडलेला असतो, गोणी भरून न्या.

आरओ_ताई
अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला, वाहून आलेला असला तरी उचलायचा नाही. कुणी जांभा सुचवायच्या आत सांगते, त्यात लोह असतं, तोही नको.

रंकाळा_रीफ
विषय भरकटवू नका प्लीज.
काल भिजवला होता. बंदरावर येतो तसा वास येतोय. दगड इचलकरंजीच्या एकाचा आहे. त्यानं टँक बंद केल्यापासून गच्चीवर पडून होता. खाचांत तपकिरी, स्पंजसारखं काहीतरी वाळून चिकटलंय, बारीक शंखही आहेत. पण पूर्ण कोरडा आहे, म्हणजे ड्राय रॉकच ना?

खारं_पाणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं की भावा! तो वाळलेला स्पंज पाण्यात गेला की सडणार, अमोनिया होणार. १२ किलो मेलेला माल २०० लिटरला झेपणार नाही. हा दगड आज टाकायचा नाही.

सांगली_सॉल्ट
ॲसिड बाथ द्या, संध्याकाळपर्यंत मोकळे. हार्डवेअरच्या दुकानात हायड्रोक्लोरिक मिळतं. वरचा थर विरघळतो, त्याच्याबरोबर फॉस्फेट जातं. ब्लीचनं फॉस्फेट जात नाही, लोक उगाच ब्लीच ब्लीच करतात.

खारं_पाणी
वरचा थर जातो, पण खोल भोकांत सडलेलं आहे त्याचं काय? ते ब्लीचच जाळतं. एकाला दहा पाणी, दोन-चार दिवस, मग खळाळून धुवायचं, डीक्लोरिनेटरमध्ये (क्लोरीन मारणारं औषध) बुडवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं.

सांगली_सॉल्ट
मग आधी ब्लीच, नंतर ॲसिड. दोन्ही करा.

आरओ_ताई
दोन्ही करायचं तर मध्ये ब्लीचचा मागमूस राहता कामा नये. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो. घरात, बाथरूममध्ये तर मुळीच नको. गच्चीवर, हातमोजे, गॉगल, आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही.
आणि गप्पीप्रेमी, उकळायचा सल्ला कृपया परत देऊ नका. रीफमधल्या दगडावर पॅलीथोआ (बटणांसारखे कोरल) असू शकतात. त्यातलं पॅलिटॉक्सिन उकळून जात नाही, वाफेबरोबर छातीत जातं. अशानं अख्खी घरं दवाखान्यात गेलीत.

गप्पीप्रेमी
बाप रे. हे माहीत नव्हतं. गोड्या पाण्यात असलं काही नसतं.

रंकाळा_रीफ
वाळलेले पॅली पण चालत नाहीत? एका दगडावर बटणांसारखं काहीतरी आहे.

आरओ_ताई
नाही. तो दगड उघड्या हातानं घासू नका, ब्रशनं उडवू नका. गुपचूप बाजूला काढा, वापरूच नका.

खारं_पाणी
बाकीचे असे कर. ब्लीच होऊन वाळले की झाकणाचा ड्रम घे. आरओडीआयचं (आरओनंतर डीआयनं उरलेले क्षारही काढलेलं) पाणी, मीठ १.०२५ घनतेपर्यंत, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), हीटर, आत उजेड नको. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आलं पाहिजे. फॉस्फेट दर आठवड्याला बघ. पाणी बदलूनही चढत असेल तर दगड अजून सोडतोय, मगच ॲसिडचा विचार. महिना-दीड महिना धर. टँकमध्येही तीन-चार किलोच्या हप्त्यानं टाक, आणि दगडानं पाणी सरकतं म्हणून आधी संपमधलं पाणी काढ, नाहीतर लाईट गेली की जमिनीवर येईल.

रंकाळा_रीफ
घरच्या प्यायच्या आरओचं पाणी ड्रमला चालेल?

आरओ_ताई
टीडीएस मोजा. बरीच घरगुती मशीन चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. शून्याच्या जवळ हवं.

रंकाळा_रीफ
५५ आलं. डीआय कार्ट्रिज मागवतो. ड्रम लक्ष्मीपुरीत बघतो. ब्लीच वासाचं चालेल का, दुकानात तेच दिसतंय.

खारं_पाणी
वासाचं नको, जेलचं नको. साधं सोडियम हायपोक्लोराइट माग.