अनुभव धागा : आमचा लाइफबोटवाला मित्र, आणि तुमचेही

नॉरफोककरीण : काल सुपरमार्केटात पुढच्या माणसाचा पेजर वाजला. भरलेली ट्रॉली रांगेतच टाकून पठ्ठ्या पसार. मला एकदम आमचा शेजारी आठवला. गेल्या वर्षी गेला. प्लंबर होता आणि आरएनएलआय, म्हणजे इथली समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था, तिच्या लाइफबोटीवर स्वयंसेवक. घरातला नळ गळत होता, तिथून ओळख झाली आणि मग घरचाच झाला. गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून लावायचा. त्याच्या फाटकासमोर कुणी गाडी उभी केली की या देवमाणसाचा जमदग्नी व्हायचा. एकदा आमच्याकडे जेवताना पेजर वाजला, तर हातातल्या थालिपिठासकट धावला. दुसऱ्या दिवशी हजर, "उरलंय का?" समुद्रात काय झालं विचारलं तर म्हणे, फुगवायच्या फ्लेमिंगोवर बसून दोन पोरं वाऱ्याने आत गेलेली, आणली. बास. पुढे लोण्याची चौकशी. तुमच्या ओळखीत असं कुणी होतं का? लिहा.

बंड्या_ठाणे : पगार किती असतो यांना?

नॉरफोककरीण : बहुतेकांना नसतोच रे. कुणी मास्तर, कुणी शेतकरी. 1824 पासून संस्था मुख्यतः देणग्यांवर चाललीय. आमचा तर सुट्टीच्या दिवशी देणगीचा डबा घेऊन दुकानाबाहेर उभा राहायचा. मी नाणं टाकलं की म्हणायचा, नोट दिसतेय पाकिटात.

हर्णैवाला : 😂 आमचे तात्या असेच. आमच्याकडे होडी उलटली की आधी शेजारच्या होड्याच सुटतात, कोण कुणाला विचारत बसतंय. तात्या तांडेल होते, दोन वर्षं झाली जाऊन. वर येऊन कधी बोलले नाहीत, फक्त जाळं फाटलं म्हणून शिव्या. एवढंच लिहितो, भाजीवाला आलाय.

मीनल_लीड्स : तुमच्या नॉरफोकातल्या क्रोमरला गेलात का कधी? धक्क्याच्या टोकाला बोटघर आहे. तिथला जुना लाइफबोटवाला हेन्री ब्लॉग, 53 वर्षांच्या सेवेत 873 जीव वाचवले, आणि म्हणे पोहता येत नव्हतं! माझ्या नवऱ्यालाही येत नाही, पण तो तलावाच्या काठीही बसत नाही.

नॉरफोककरीण : @मीनल, हो, आमचा त्याच्याबद्दल मात्र तासभर बोलायचा. स्वतःबद्दल शून्य. आमचा गेला तेव्हा प्रार्थनेला त्याचे सोबती पिवळे गमबूट घालून आलेले. मधेच दोघांचे पेजर वाजले आणि ते उठून गेले. त्याची बायको हसली, म्हणाली, तो असता तर पहिला पळाला असता.

अनू : 🙏 वाचून घशात आवंढा आला. कॉर्नवॉलच्या पेनली लाइफबोटीचं आठवलं. 19 डिसेंबर 1981, वादळात अडकलेल्या जहाजातल्या लोकांना काढायला गेलेली बोट आठही जणांसकट गेली. तिथल्या माउसहोल गावात दरवर्षी त्या रात्री नाताळचे दिवे तासभर मालवतात. कुकर झाला, येते.

बंड्या_ठाणे : बाप रे. आपल्याकडे तटरक्षक दलाचा नंबर 1554, सेव्ह करून ठेवा मंडळी. आणि मांडव्याच्या बोटीत लाइफजॅकेट उशीला घेऊन झोपू नका. (आमचे मेहुणे.)

हर्णैवाला : मेहुण्यांना हर्णैला पाठव, तात्यांचा धाकटा सरळ करेल.

मीनल_लीड्स : @नॉरफोककरीण, थालिपिठाची भाजणी तिकडे मिळते की घरी करतेस? माझी कडू झाली यावेळी.

नॉरफोककरीण : घरीच. मेथ्या कमी घाल, आणि मंद आचेवर भाज. त्याच्या बायकोला पण शिकवलीय, ती वरून चीज किसते. बोलून उपयोग नाही.