माऊस कशाला घासायचा, विंडोज-आर दाबा नि कमांड टाईप करा – पटतंय का बोला

सायबरवाला, लातूर
काल दुकानात एक पोरगं आलं, बीसीएचं दुसरं वर्ष. म्हणलं नेट चालना, जरा आयपी, म्हणजे मशीनचा नेटवरचा पत्ता, बदलून दे. ते बसलं माऊस घिऊन. स्टार्ट, सेटिंग्ज, नेटवर्क, मग कुठलंतरी ॲडव्हान्स्ड, मग मागं, परत पुढं, चार मिनिटं नुसतं घसरतच होतं. मी एकीकडं आजोबांचा अंगठा मशीनवर टेकवायलो होतो, दुसऱ्या हातानं कीबोर्डवरचं विंडोजचं बटण नि आर संगं दाबलं, कमांड लिहायची रनची चौकट आली, त्यात एनसीपीए डॉट सीपीएल टाईप केलं, एंटर. समोर सगळी नेटवर्क कार्डं. पोरगं माझ्याकडं असं बघायलं की जसं काय मी मंत्र मारला.

माझं म्हणणं एवढंच हाय की आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासात ह्या कमांडी पहिल्या महिन्यात शिकवायला पाहिजेत, पेंटमधी झोपडी नि सूर्य काढायच्या आधी. कारण ह्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोजच्या दर खेपेला घराच्या भिंती हलवल्या. एक्सपीत एका जागी, सातमधी दुसऱ्या जागी, २०१२ ला आठ आलं त्यात तर स्टार्ट मेनूच गायब, २०१५ ला दहा, २०२१ ला अकरा. गिऱ्हाईक येतंय त्याच्याकडं ह्यातलं कुठलंबी असतंय. पण एनसीपीए डॉट सीपीएल सगळीकडं तेच, ॲपविझ डॉट सीपीएल म्हणजे प्रोग्रॅम काढून टाकायची जागा, ती पण तीच. पटतंय का नाही ते बोला.

सर्चनं भागतंय, छ. संभाजीनगर
नाही पटत. भाऊ, विंडोज बटण दाबून नुसतं "नेटवर्क" लिहायला लागलं की यादी येते, खाली बाण दाबा, एंटर. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून ही सोय आहे आणि तुम्ही अजून सीपीएल नि एमएससी पाठ करत बसलात. कमांडमध्ये एक अक्षर चुकलं तर "विंडोजला सापडत नाही" म्हणून तोंडावर मारतं, सर्चमध्ये अर्धं लिहिलं तरी समजून घेतं. डिव्हाईस मॅनेजरची कमांड बघा, डीईव्ही एमजीएमटी डॉट एमएससी, हा काय शब्द झाला? एक ई सोडला तर सगळे स्वर गिळून टाकलेत, लिहिणाऱ्याला बहुतेक कुणीतरी अक्षरामागं पैसे मागितले असतील.

सायबरवाला, लातूर
तुमचा कॉम्प्युटर एसएसडीवाला, म्हणजे फास्ट डिस्कचा असंल. माझ्या दुकानात दोन मशीन चार जीबी रॅम नि साध्या हार्डडिस्कवर चालत्यात, तिथं सर्चमधी "प्रिंटर" लिहिलं की आधी गोल गोल फिरतंय, मग इंटरनेटवरच्या प्रिंटरच्या जाहिरातीबी यादीत घुसतेत. मला विकत नाही घ्यायचा बाबा, हाय तोच चालवायचाय.

एका वर्षीचं सांगतो. ३१ जुलै, पीक विम्याचा शेवटचा दिवस, रात्रीचे नऊ, दुकानाबाहेर पन्नास-साठ माणसं, पाऊस चालू, लाईट दोनदा जाऊन आलेली. नि प्रिंटर अडकला. पावती निघंना, रांगेतली जुनी प्रिंट डिलीट कर म्हणलं तर "डिलीटिंग" लिहून तसंच बसलं. माऊसचं बाण पण टक टक थांबायलं. मग विंडोज-आर, सर्व्हिसेस डॉट एमएससी, यादीत भरभर पी-आर-आय-एन टाईप केलं की आपोआप प्रिंट स्पूलरवर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिसवर उडी मारतंय, त्येला स्टॉप केलं. मग सिस्टीम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर हाय, त्यातल्या एसपीएल नि एसएचडी फायली सगळ्या उडवल्या, स्पूलर परत चालू. खर्रर्र करून पहिली पावती निघाली तवा बाहेर एकानं शिट्टी मारली. त्या रात्री सर्चवर बसलो असतो तर माणसं दुकान फोडून गेली असती.

आडतीवरचा मुनीम
मी मोंढ्यात टॅलीवर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर बसतो. आमच्याकडं माऊसला कुणी हातच लावत नाही, तो कडेला गुळाच्या कागदाखाली पडलेला असतो. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवसाला चारशे चिठ्ठ्या फोडायच्या, तिथं मान वर करून स्क्रीन बघायला बी टाईम नसतो, डोळे चिठ्ठीवर नि बोटं बोर्डावर. नवीन टॅली प्राईम आली त्यात ऑल्ट-जी दाबून काय पाहिजे ते लिहायचं, झालं. सायबरवाल्याचं म्हणणं मला तरी बरोबर वाटतंय. फरक एवढाच की आम्हाला कुणी शिकवलं नाही, शेठच्या शिव्यांनी पाठ झालं.

टायपिंगच्या मॅडम, नांदेड
मी बावीस वर्षं टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवते, माझा ह्या "पहिल्या महिन्यात कमांड" प्रकाराला स्पष्ट विरोध आहे. कारण मुलं काय करतात ते मला रोज दिसतं. व्हॉट्सॲपवर "शंभर रन कमांड" नावाची यादी फिरते, मुलं ती वहीत लाल-निळ्या पेनानं उतरवतात, पाठ करतात, आणि मग कंटाळा आला की एक-एक टाकून बघतात.

मागच्या वर्षी एका हुशार मुलानं माझ्याच लॅबमध्ये एमएसकॉन्फिग टाकलं, म्हणजे विंडोज कसं चालू व्हावं ते ठरवायची खिडकी. बूटच्या टॅबवर "सेफ बूट" दिसलं, सेफ म्हणजे सुरक्षित, म्हणून चांगल्या मनानं टिक केलं आणि रिस्टार्ट केलं. मशीन उघडलं ते सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरतं विंडोज, काळ्या पडद्यावर चार कोपऱ्यांत तसं लिहून, अक्षरं ही एवढाली, नेट नाही, काही नाही. बंद करून चालू केलं तरी परत तेच, कारण ती टिक निघेपर्यंत ते सेफ मोडच लावणार. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर सराव परीक्षा होती. मुलगा घाबरून दोन दिवस क्लासला आला नाही, त्याची आई आली फी परत मागायला! शेवटी टिक मीच काढली, अर्ध्या मिनिटाचं काम, पण मला माहीत होतं म्हणून.

माऊसनं जाताना माणूस पाट्या वाचत जातो. कुठून कुठं आलो हे कळतं. कमांडनं एकदम तळघरात उतरतो, वर काय लिहिलंय ते वाचायचंच राहून जातं.

सायबरवाला, लातूर
मॅडम नमस्कार. पण तुम्ही टिक काढायला गेलात ते कसं गेलात? एमएसकॉन्फिग टाईप करूनच ना? 😄

टायपिंगच्या मॅडम, नांदेड
हो. पण मी बावीस वर्षांनी गेले, पहिल्या महिन्यात नाही.

नुसता वाचक, बीड
मधीच एक शंका, भांडण चालू ठिवा. मी वर्ड लिहिलं तर उघडना, विनवर्ड लिहिलं की उघडतंय, एक्सेल मात्र सरळ एक्सेल लिहून उघडतंय. असं का?

सर्चनं भागतंय, छ. संभाजीनगर
कारण रन तुमच्या मनातलं नाव शोधत नाही, फाईलीचं नाव शोधतं. वर्डच्या फाईलीचं नाव विनवर्ड आहे, एक्सेलचं एक्सेलच. आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, ॲप पाथ्स म्हणून एक यादी असते, प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना तिथं आपला पत्ता लिहून ठेवतो, रन तिथं बघून घेतं. सीपीएल म्हणजे कंट्रोल पॅनेलचा एकेक तुकडा, एमएससी म्हणजे मॅनेजमेंट कन्सोलची फाईल. बघा, मला येतं सगळं, तरी मी सर्चच वापरतो.

आणि "कमांड कधी बदलत नाही" ही सायबरवाल्याची थाप आहे. डब्ल्यू-आर-आय-टी-ई, राईट लिहिलं की वर्डपॅड उघडायचं ना? २०२४ च्या अकराच्या अपडेटमध्ये वर्डपॅडच काढून टाकलं, आता लिहीत बसा राईट. डेस्क डॉट सीपीएल टाका, जुनी डिस्प्लेची खिडकी येत नाही, नव्या सेटिंग्जमध्ये नेऊन सोडतं. घरमालक भिंती हलवतो तसे दरवाजे पण हलवायलाय, फक्त हळूहळू.

सायबरवाला, लातूर
राईटचं मान्य. ते मलाबी माहीत नव्हतं, आत्ता दुकानातल्या अकरावर टाकून बघितलं, खरंच नाही म्हणतंय. पण पंचवीस-तीस वर्षांत एक-दोन मेल्या म्हणून बाकीच्या टाकून द्यायच्या का.

मामाचा भाचा, हिंगोली
तुम्ही सगळे आपापसात हुशारी दाखवायलात, माझ्या मामाचं ऐका. मामा रिटायर माणूस, घरी कॉम्प्युटर. फोन आला, हिंदीतून, "आपके कंप्यूटर में वायरस है". मामानं विचारलं कशावरनं. तो म्हणला विंडोज नि आर दाबा, ई-व्ही-ई-एन-टी-व्ही-डब्ल्यू-आर लिहा, एकेक अक्षर सांगितलं बरं का, ई फॉर एलिफंट करून. उघडलं तर लाल खुणा, पिवळ्या खुणा, "एरर" "एरर" खालपर्यंत. मामाचे हातपाय गळाले. आता तुम्हाला माहीत असंल की त्या इव्हेंटच्या वहीत चांगल्या चालणाऱ्या मशीनवर पण एरर असतेतच, कुठली सर्व्हिस उशिरा चालू झाली, कुठली वेळेत बंद झाली नाही, रोजची नोंद. पण मामाला काय माहीत! पुढं त्यानं रिमोटचं ॲप टाकायला लावलं, मी तेवढ्यात पोचलो नि वायरच उपसली.

आता तर फोनबी लागत नाही. २०२४ पासून नवीन निघालंय, एखाद्या साईटवर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" म्हणून चौकट येती, त्यात लिहिलेलं असतं विंडोज-आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. साईटनं आधीच गुपचूप काहीतरी कॉपी करून ठिवलेलं असतंय, तुम्ही स्वतःच्या हातानं ते चालवायचं. अँटीव्हायरसला पण वाटतं मालकच करायलाय.

म्हणून माझ्या मते गावाकडच्या साध्या माणसाला विंडोज-आर माहीतच नसलेलं बरं.

आडतीवरचा मुनीम
चोर दारातनं येतो म्हणून दार बुजवायचं का भाच्या. मामाला एवढंच शिकव की दुसऱ्यानं सांगितलेलं त्या चौकटीत लिहायचं नाही. कोऱ्या चेकवर सही करत नाही तसं.

मामाचा भाचा, हिंगोली
मामानं कोऱ्या चेकवर पण सही केलेली आहे, तो विषय वेगळा.

आवाजावर चालणारा, परभणी
मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. तुमचा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर ऐकतोय, मजा येतेय, पण तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चाललात की माऊस आणि कमांड ह्यातलं एक निवडायचं. मला निवड नाहीये. माझ्या टेबलावर माऊस आहे तो फक्त शेजारचा सहकारी मदतीला आला तर त्याच्यासाठी.

मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो, फुकट आहे, मराठी पण वाचतं, जरा यंत्रागत आवाजात. आता सर्चवाल्या दादांसाठी सांगतो फरक काय पडतो. मी सर्चमध्ये "साऊंड" लिहिलं की एस दाबल्यावर एक यादी, ओ दाबल्यावर दुसरी, यादी बदलत राहते आणि आवाज अर्धं अर्धं वाचत राहतो, "सेटिंग्ज... स्नि... साऊ...", शेवटी कशावर उभा आहे ते बाण वरखाली करून परत ऐकावं लागतं. रनमध्ये एकच चौकट. उघडली की कर्सर आतच असतो, मागच्या वेळची कमांड सिलेक्ट होऊन पडलेली असते, ती ऐकू येते, मी लिहायला लागलो की ती पुसली जाते. एमएमएसवायएस डॉट सीपीएल, एंटर, साऊंडची जुनी खिडकी, तिच्यात टॅबनं फिरणं मला तळहातासारखं पाठ आहे. आणि आवाजच बंद पडला तर? तर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून एनव्हीडीए परत चालू करायचा, नाही झाला तर न ऐकता पाठ असलेलंच टाईप करत जायचं. एकदा असं सात-आठ पायऱ्या मुक्यानं केल्या होत्या, शेवटी "स्पीकर्स" असा आवाज आला तेव्हा घाम पुसला.

मॅडम, तुम्ही म्हणालात माऊसवाला पाट्या वाचत जातो. मला पाट्या दिसत नाहीत, मी पायऱ्या मोजत जातो. ते पण वाचणंच आहे.

टायपिंगच्या मॅडम, नांदेड
हे मी विचारातच घेतलं नव्हतं. माझ्याकडे एक मुलगी येते, तिला एका डोळ्यानं अगदी अंधुक दिसतं, मी तिला आजवर मोठा पॉइंटर लावून माऊसच शिकवत होते. तुम्ही कोणत्या पाच-सहा कमांडपासून सुरुवात केली होती ते सांगाल का? बाकी मुलांबद्दल मत तेच आहे, शंभरची यादी वहीत दिसली की मी फाडणार.

आवाजावर चालणारा, परभणी
तिला आधी कमांड नका देऊ मॅडम. आधी टॅब, शिफ्ट-टॅब, ऑल्ट-टॅब आणि बाहेर पडायला एस्केप. बाहेर पडता आलं की भीती जाते. मग नोटपॅड, कॅल्क, कंट्रोल. बारीक दिसतंय तर मॅग्निफाय पण शिकवा, भिंग उघडतं, विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबून पण येतं. मग एमएमएसवायएस. एमएसकॉन्फिग सगळ्यात शेवटी 🙂

सर्चनं भागतंय, छ. संभाजीनगर
बरं, परभणीच्या दादांपुढं मी गप्प. सायबरवाल्यापुढं नाही.

नुसता वाचक, बीड
ते सगळं ठीकाय, पण माझ्या लॅपटॉपचं विंडोज बटणच उडालंय, पोरानं उचकटलं. आता आर कशासंगं दाबू?

सायबरवाला, लातूर
कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडंल. त्यात "रन न्यू टास्क" हाय, तीच चौकट येती.

सर्चनं भागतंय, छ. संभाजीनगर
किंवा कंट्रोल-एस्केप दाबा, स्टार्ट मेनू उघडतो, त्यात "रन" लिहून सर्च करा.

सायबरवाला, लातूर
बघा, रन शोधायला सर्च लागलं तरी पोचला शेवटी रनवरच.

नुसता वाचक, बीड
दोन्ही करून बघितलं, दोन्ही चालतंय. पण पोरानं उचकटलेलं बटण पण सापडलं, सोफ्याखाली होतं. लातूरला आलो की बसवून द्याल का?